सुभद्राबाईचा हात

६ जाने., मंगळ.
शोभाने आज तिसऱ्यांदा बजावलं. "तू फक्त रिफ्लेक्टर धर. भाषण नको." लग्नाच्या फोटोंतून बाहेर पडायची तिची ही पहिली संधी, सावद्याच्या केळी पॅकहाउसचं माहितीपत्रक. हेल्पर आजारी, म्हणून मी. पिंप्राळ्यात तिच्या गच्चीवर ऊन परतवायचा सराव केला. गप्प राहण्याचा मात्र कुठे करायचा? शब्द दिलाय.

७ जाने., बुध. सावदा.
सात बायका गार पाण्याच्या हौदात केळी धुतात. शूटपुरते नवे हातमोजे दिले. शूट संपलं, मॅनेजरने मोजे परत खोक्यात भरले. उद्या या काय घालणार, एवढंच मी विचारलं. शोभाने पायावर पाय दिला.

जेवणाच्या सुटीत त्यांतल्या सुभद्राबाईशेजारी बसले. केळीच्या चिकाने कोपरापर्यंत काळे हात, बोटांना भेगा. आणि मी सुटलेच. आवाज हळू, पण बोलणं सभेतलंच. हा हात जगाने पाहिला पाहिजे, झाकून ठेवलेलं दुःख मालकाच्या सोयीचं, वगैरे. ती भाकर मोडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "घे बाई फोटो. पन तोंड नको, नाव नको."

शोभा तयार नव्हती. मी रिफ्लेक्टर धरून उभी राहिले, मग ती काय करते. एकच फोटो.

९ जाने., शुक्र.
परवा धुळ्यात कष्टकरी बायकांचा मेळावा, मुख्य भाषण माझं. फोटो फार काळा. भेगा दिसेनात. शोभाकडे हट्ट धरून उजळून घेतला. आता एकेक भेग बोलते. मेळावा भरवणाऱ्या नानांना लगेच धाडला. बॅनर करतो म्हणाले.

११ जाने., रवि. धुळे.
बोलायला उभी राहिले, मागे वळून बॅनरकडे हात केला, आणि

मनगटाच्या वर हिरवी अक्षरं. सुभद्रा. गोंदण. चिकाखाली दडलेलं, उजळल्यावर वर आलेलं. बाजूला हौदाची निळी फरशी, तीही ओळखू येणारी.

पुढे काय बोलले आठवत नाही. टाळ्या पडल्या. नाना म्हणाले, ताई, आज अंगावर काटा आला. फोटो त्यांनी सकाळीच तीन ग्रुपवर टाकला होता. काढायला लावला, बॅनरही उतरवला. "पुढे गेलेला कसा परत आणू, ताई?"

परतीच्या वाटेत गाडी थांबवून शोभाला फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी पुन्हा लग्नाचे फोटो काढीन गं. तिने काय करायचं?"

१२ जाने., सोम. सावदा.
सुभद्राबाई कामावर निघायच्या आत तिचं घर गाठलं. शोभा सोबत. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. सुभद्राबाईने मोबाइलची काच पदराने पुसली, डोळ्यांजवळ नेली.

"आईनं जत्रेत गोंदलं होतं. माह्या हात कोनीबी वयखीन."

आतून सुनेने विचारलं, कोण आलंय. काही नाही, पत्ता विचारू राह्यल्या, म्हणाली.

मी मालकाशी बोलते, म्हटलं. चूक माझी आहे, तसं लिहून देते. तिने चप्पल घातली. "इतकं बोलली तू. माह्या हात काही पाह्यला नाही." आणि दारातून, "तू आत नको येऊ. तू आली तं त्याहीले पक्कंच कयीन, हात माह्याच."

काढलेलं पेन मी परत पिशवीत टाकलं. वीस वर्षं बोलते आहे मी.

तरी मागोमाग आलोच. फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसून लिहितेय. सुभद्राबाई आधीच आत गेली, नऊला मॅनेजरची गाडी. शोभाला आत्ताच त्याचा फोन येऊन गेला, तिने उचलला नाही. आत जावं तर सुभद्राबाईने बजावलंय. न जावं तर

फाटकाच्या जाळीतून हौद दिसतो. दोनदा मोजल्या. सहाच बायका आहेत.