ताईची लाथ आणि माझी चप्पल

शनवारा, बुऱ्हाणपूर
गणपती विसर्जनानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप सुमनताईस,

तुझ्या धाकट्या देवरामचा उभ्या उभ्या नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण डॉक्टरांनी कमरेत वाकायची सक्त मनाई केली आहे. फार वेळ बसायचीही, म्हणून फ्रिजच्या डोक्यावर कागद ठेवून लिहितो आहे. कुणी दूध काढायला आलं की वाक्य तुटतं, सांभाळून घे.) भाऊजींचा खोकला कसा आहे? तू फोनच उचलत नाहीस, म्हणून ही टपालाची पाळी आली.

आधी मुख्य बातमी सांगतो: ऑपरेशन झालं आणि मी चालतो आहे. आता पहिल्यापासून. राखीला तू आलीस तेव्हा मी कंबर धरून ओट्यावर बसलो होतो. तुझ्या भावजयीने, रंभाने, तुला सांगितलं की केळीचा घड उचलताना उसण भरली. तू पायांकडून जन्मलेली, जन्माची पायाळू, तुझ्या लाथेने उसण उतरते ही ख्याती पार इतवारा मोहल्ल्यापर्यंत (तू माहेरी आलीस की चहाआधी दोन-तीन दुखऱ्या कंबरा दारात हजर असतात). तू मला रीतसर उंबऱ्यात पालथं झोपवलंस, तीनदा लाथ मारलीस, आणि दुसऱ्या दिवशी माझं डावं पाऊल उचलेना. तू रडत सासरी गेलीस. भावाला आपण पांगळं केलं, आता त्या घरात यायचं नाही, असं रंभाला सांगून गेलीस.

तिसऱ्या दिवशी मला मशीनच्या बोगद्यात घालून फोटो काढले. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती. तुझ्या लाथेचं ऐकून डॉक्टर पोट धरून हसले, मग एकदम गंभीर होऊन विचारलं, पायातली चप्पल कधीपासून निसटते? ताई, इथे मी पकडला गेलो. राखीच्या आठ दिवस आधीच केळीच्या बागेत चप्पल बधिर पायातून गेली आणि मला पत्ताच लागला नाही. एका चपलेवर घरी आलो आणि रंभाला सांगितलं, कुत्र्याने नेली. (त्या बिचाऱ्या कुत्र्याने चार दिवस शिव्या खाल्ल्या.) ऑपरेशनची भीती वाटत होती, म्हणून तुझ्यापासूनही लपवलं. डॉक्टर म्हणाले, "दीदी का कोई कसूर नहीं. गद्दी पहले से खिसकी थी, आप छुपाते रहे."

मग पाठ उघडून त्यांनी नसेवर बसलेला तुकडा काढला. मी शुद्धीवर आल्यावर म्हणाले, पायाचा अंगठा हलवा. माझी बघायची हिंमत होईना. रंभाला म्हटलं, तूच बघ. ती ओरडली, "हालला वो, हालला!" मला सगळ्या वॉर्डासमोर रडू कोसळलं. त्यातलं निम्मं तुझ्यासाठी होतं. चूक माझी होती, ताई, आणि महिनाभर ती तू उरावर घेऊन बसलीस. मला माफ कर.

तुझा,
देवराम

ता. क. : भाऊबीजेला ये. तू आली नाहीस तर मी ओवाळून घ्यायला पाटावर बसणार नाही. (तसंही बसता येणार नाही, उभ्यानेच ओवाळ.)

आणखी ता. क. : टाके काढताना, नर्स बाहेर गेल्यावर, डॉक्टरांनी हळूच विचारलं, "दीदी दिवाली पे आ रही हैं क्या? तीन दिन से कमर पकड़ी है." मी तुझ्या वतीने हो म्हणून बसलो आहे. फक्त लाथ मारण्याआधी त्यांची चप्पल कुठे हरवली नाही ना, तेवढं विचारून घे.