अस्वलवैद्याचं औषध

रूपराव भाऊजी,

"वयनी, वंदू ऐकते ते करून पाह्यते, जरा सांभाळून वाचत जा," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हसले होते. काल तिला अस्वलवैद्याची गोष्ट वाचून दाखवली. तो बिया चारून आजारी जनावरं बरी करतो. तीनदा वाचायला लावली तिनं, मीही हौसेनं आवाज काढले. सकाळपासून तिला उलट्या होताहेत. मला वाटलं, अपचन असेल. आत्ता फ्रॉकच्या खिशात कुंपणावरच्या मोगली एरंडाची टरफलं सापडली. त्या बिया विषारी असतात हो! रस्त्यावर ट्रक थांबवलाय, वर्ध्याला दवाखान्यात नेते. तुमच्या दादांना गोष्टीचं मीच सांगेन.

तोंड पुसताना वंदू म्हणाली, "आई, सखू जास्त बिमार होती ना, तिले जास्त देल्ल्या."

शेजारची रामबाई कापूस वेचायला गेली आहे, तिची लेक सखू घरात एकटीच असेल. गल्लीत हाक मारायलाही कोणी नाही, आणि ट्रकवाला आणखी थांबायला तयार नाही. मी तिच्याकडे न जाताच निघाले आहे, भाऊजी.

शेतातून आलात की भाकरी राहू द्या. आधी सखूकडे जा, तिलाही मागोमाग घेऊन या. शांत झोपलेली दिसली तरी उठवून बघा.