जैतूनमावशीच्या पिशवीतल्या वड्या

१४ जून, शनिवार. संध्याकाळ.

उगाच ओरडले मी तिच्यावर.

आज दिवसभर पुराची तयारी बघत नदीकाठच्या घरांतून फिरले. गावची आशाताई म्हणून यादी माझ्याकडेच. पाणी चढलं तर आधी कुणाला हलवायचं, कोण उठवणार, कुणाला काय लागेल. जैतूनमावशीला ऐकू येत नाही, तिला भोंग्याचा काय उपयोग? हाताला धरून मीच उठवणार.

पुरासाठी भरलेली तिची पिशवी दारामागं टांगलेली होती. आधार कार्ड, शुगरच्या गोळ्या, बॅटरी, सगळं बरोबर. आणि तळाशी राजगिऱ्याच्या वड्या! शुगर एवढी वाढलेली असताना? पुडी तिच्या नाकासमोर धरून हातवारे करत भांडले.

ती हसायलाच लागली. "आगं, माझ्यासाठी न्हाईत त्या. पूर येतोय श्रावणात, तवा तुझं सोमवार असत्यात. मागच्या पुरात शाळेत समद्यांनी खिचडी खाल्ली, तू नुसत्या पाण्यावर बसली व्हतीस. मी बघत व्हते."

मला तर आठवतही नव्हतं. वडी दाबून दाखवली, तोवर मऊ पडतील म्हणून.

"मग म्हैन्याला बदलीन. गोळ्यांचं तूच सांगितलंयस न्हवं तसं?"

घरोघरी पथ्यपाणी विचारत हिंडते मी, आणि यादीत माझंच नाव नाही. त्या वड्या डोळ्यांपुढून जाईनात. शेवटी आत्ता यादीच्या तळाला स्वतःचं नाव लिहिलं. पुढं 'काय लागेल'च्या रकान्यात लिहिलं, उपासाचं. जैतूनमावशीच्या पिशवीत आहे.