सुजाताचा जिवाणू

शुक्रवार, संध्याकाळ. जुळे सोलापूर.

आज प्रयोगशाळेत मी गप्प बसले. का बसले?

आमच्या जिवाणूच्या जीनोमचा अहवाल आला. रोगजंतू एकमेकांना जे रासायनिक निरोप धाडतात, ते तोडणारं जनुक त्यात सापडलं. सर खूश होते. नेमकी तेव्हाच सुजाता बाळाला दाखवायला आली. मंगळवेढ्याच्या तिच्या रानातल्या मातीतून हा जिवाणू तिनंच वेगळा केला होता. ते निरोप मिळाले की जांभळे होणाऱ्या जंतूंच्या प्लेटवर त्याच्याभोवती रंग उडालेलं पांढरं कडं पहिल्यांदा तिला दिसलं, मला नाही. मग बाळंतपणात तिचं काम सुटलं आणि माझ्याकडं आलं. सरांना मात्र हा शोध माझाच वाटत होता.

सर माझ्याकडं बोट दाखवून तिला म्हणाले, "बघ, हिनं शोधलेला जिवाणू! याला हिचंच नाव द्यायचं."

सुजातानं माझ्याकडं पाहिलं. मी संगणकाकडं. ते पांढरं कडं डोळ्यांपुढून हलेना, तरी तोंड उघडलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "व्हय सर, लई राबली ती."

जाताना जिन्यात मला म्हणाली, "जगला की गं! मला वाटलं, मी गेल्यावर त्याच्याकडं कोण बघतंय." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाव तिचंच लागेल. पण मघाशी ती समोर होती, तेव्हा का नाही बोललीस?"

सुजाताला फोन करायला हवा. अजून केलेला नाही.