एका घराची वस्ती

प्रिय छकुली,

हल्ली तुझा फोन आला की माझ्या मनात पहिला विचार येतो, आज काय हवंय हिला? रागावू नकोस. तुझी आई जन्माची संशयी आहे, हे तुझ्या बाबांनी लग्नानंतर आठवड्याभरातच ओळखलं होतं. पण एरवी रविवारी, तेही भाजी चिरता चिरता बोलणारी मुलगी अचानक रोज फोन करायला लागते, गुडघे कसे आहेत, छत गळतं का, एकटीला करमतं का, अशी चौकशी करते, तेव्हा शहाण्या माणसाने कान टवकारावेत. त्यात जावईबापूंनी न मागता नवी इस्त्री पाठवली. ज्या माणसाला माझा वाढदिवस कधी आठवला नाही, त्याने इस्त्री पाठवली! आवळा देऊन कोहळा काढायचा बेत दिसतो, असं मी शेजारच्या निवृत्त मास्तरांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, बाई, तुम्हाला कोणी फुलं दिली तरी तुम्ही त्यात आधी मुंगी शोधाल. खरं आहे. पण मुंगी असतेच की!

मग मोजणीवाले आले. दुर्बिणीचं तिकाटणं रोवून घरामागची सपाटी मोजत बसले, दोन ठिकाणी खड्डे घेतले, माती पिशव्यांत भरली. मी पाणी दिलं तर प्याले, पण वर मान करून एकही बघेना. त्यांच्यातला एक तेवढा म्हणाला, मॅडम, तुम्ही वीज मंडळाच्या कंट्रोल रूमला होतात ना? म्हणजे मी कोण हे त्याला आधीच ठाऊक होतं. जमीन कशी आहे विचारलं तर म्हणाला, दगड आहे हो, अशी जागा शोधून सापडणार नाही. तिथेच मी हिशेब मांडायला लागले. वरच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहताहेत, खाली माळावर सौर पत्रे पसरलेत. दुपारी ऊन भरभरून देतं, ते कलल्यावर पठारावरचा वारा उठतो. दोघांची वीज एकाच सबस्टेशनात आणली तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो, हे मागच्या सुट्टीत तूच, या योजनेची इंजिनिअर, मला सांगितलं होतंस, आणि सबस्टेशनची जागा निवडायचं काम तुझ्याकडेच आहे हेही. अगदी डोळे चमकवून. पठार आणि माळ यांच्या बरोबर मध्ये, सपाट, टणक, रस्त्याला लागून असलेली जागा कुठली? आपली टेकडी. त्यावर घर एकच, आपलं.

तुला सरळ विचारलं, तर तू हवेच्या गप्पा मारल्यास. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुला नव्हती गं. मी मनाशी पक्कं केलं, की माझी लेक माझं घर घेणार आहे आणि सांगायची तिला हिंमत होत नाही. फार वाईट वाटलं. घराचं वाटलंच, पण त्याहून जास्त तू लपवलंस याचं वाटलं. दोन दिवस तुझा फोन उचलला नाही तो त्यामुळे. रेंज नव्हती हे मी खोटं सांगितलं, आणि ते तुला कळलंय हेही मला माहीत आहे.

तू शाळा सुटल्यावर माझ्या कंट्रोल रूमला यायचीस ते आठवतं? टेबलावर हनुवटी टेकून विजेच्या मीटरच्या त्या एका काट्याकडे बघत बसायचीस. काटा थरथरला की घाबरून माझ्याकडे पाहायचीस. सगळं गाव त्याला लोंबकळतंय म्हणून तो हलतो, असं मी सांगितलं, तर तू रोज गावातल्या लोकांना हळू चाला म्हणायला लागलीस. दूधवाल्यालासुद्धा. तो अजून हसतो त्यावरून. तुझ्या बाबांना वाटायचं, पोरगी डॉक्टर होईल. मी मात्र तेव्हाच ओळखलं होतं, की ही माझ्याच वळणावर जाणार.

तर परवा पालिकेच्या कचेरीत तुमच्या योजनेचा नकाशा लागला आणि मी मास्तरांना घेऊन बघायला गेले. मनातून भांडायची पूर्ण तयारी करून. पठारावरून लाइन खाली येते ती ओळंब्यासारखी सरळ. टॉवरमागून टॉवर. आणि आपल्या टेकडीच्या अलीकडे ती वळते, टेकडीला वळसा घालते आणि नदीकाठच्या खोलगटात उतरते. सबस्टेशन तिथे. मास्तरांनी माझा हात धरला, म्हणाले, वाचलात बाई! माझा मात्र जीव थाऱ्यावर राहिना. लाइन उगाच वळत नाही. प्रत्येक वळणाला जाडजूड टॉवर लागतो, आणि तो का लागतो याचं उत्तर कोणाला तरी द्यावं लागतं. मी शेजारचा तक्ता वाचला. टेकडी पहिल्याच चाळणीत बाद, कारण वस्तीला लागून. कुठली वस्ती? मी आणि मांजर मिळून वस्ती झालो का गं? तुमच्या नियमात एकट्या घराला वस्ती म्हणत नाहीत, ते मोबदला देऊन सोडवून घेण्याची वेगळी रीत आहे, हे मला काय माहीत नाही? आणि खोलगटापुढे लिहिलंय, पुराची नोंद नाही. नसणारच. नदीचं पाणी मोजायला सुरुवात झाली तीच मुळी तुझ्या लहानपणीच्या त्या पुरानंतर. तक्ता तपासणाऱ्या तुझ्या वरिष्ठांचा त्यात दोष नाही, ते बिचारे कागदावर आहे तेवढंच बघणार. पण खाली सही तुझी आहे.

आणि तू तो पूर पाहिलायस. भर दुपारी. जुनं सबस्टेशन त्याच खोलगटात होतं. तिथला ऑपरेटर फोनवर ओरडत होता, की पाणी यार्डात शिरलंय. मी माझ्या हाताने सगळ्या गावाचा पुरवठा तोडला, तेव्हा तू माझ्या खुर्चीला चिकटून उभी होतीस. तुझी आत्या त्या दिवशी इस्पितळात होती, बाळंतपणासाठी. वीज गेल्याने यंत्र बंद पडलं, तेव्हा नर्सबाई बाळाला हाताने फुगा दाबून श्वास देत राहिल्या, आळीपाळीने, पुढच्या दिवसापर्यंत. तुझा आतेभाऊ वाचला, त्याच्या बाजूच्या खाटेवरचं बाळ नाही वाचलं. आता तर त्या एका ठिकाणावर सगळं खोरं टांगलं जाणार आहे. जी गोष्ट इतरांना ठाऊक नाही ती तुला ठाऊक आहे, आणि तू ती माझ्या चार भिंतींसाठी गिळलीस. मी तुझ्यावर संशय घेतला तो अगदी उलट्या बाजूने घेतला, पोरी; तुझे रोजचे फोन घर घेण्यासाठी नव्हते, ते गुपचूप वाचवल्याच्या धाकधुकीचे होते. तुझी माया बघून मला रडू आलं, आणि रडता रडता तुझा संतापही आला.

फोनवर हे बोलले असते तर तू रडली असतीस आणि मी विरघळले असते, म्हणून पत्र. सोमवारी हरकती ऐकायला सभा आहे. मी नाव दिलंय. टेकडी नाकारली याबद्दल घरमालकिणीचीच हरकत, असं त्या कारकुनाने आयुष्यात पहिल्यांदा लिहून घेतलं असेल. घर माझं आहे, ते द्यायचं मी ठरवलंय, आणि मला समजवायला येऊ नकोस. पण सभेत मी पुराचं सांगितलं, की ते विचारणारच, हे पाणी आणखी कोणी पाहिलं होतं का? मला तिथे खोटं बोलता येणार नाही. सोमवारच्या आत, तुझ्या हाताने, तुझ्या सहीने, जागा बदल. भर सभेत मला तुझ्याकडे बोट दाखवायला लावू नकोस.

तुझीच,
आई