छपराच्या सहा पट्ट्या लावल्या होत्या, त्या अर्जदाराने स्वतः उपटल्या, याबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
झाडीमंडळ सर्वसाधारण विमा कंपनी,
शाखा भंडारा.

अर्जदार : श्रीमती शकुनबाई तेजराम गजभिये, वय अंदाजे ५५ वर्षे, मु. कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा.

विषय : वादळाने उडालेल्या छपराचा दावा व तपासणीस श्री. हिरालाल बिसेन यांचे निलंबन.

संदर्भ : आपले दि. १२ जून १९८६ चे पत्र व सोबतचा छापील जबाब.

महोदय,

१. अर्जदार बाई विधवा असून कोंढा येथे एकट्या राहतात. मुलगा श्रावण नागपूरला नोकरीस आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी घरावरची कवेलू उतरवून टिना चढवल्या आणि आपल्या कंपनीकडे घराचा विमा उतरवला. वादळवाऱ्यात टिकेल असे घर असल्यास हप्त्यात सूट देण्याची योजना आपण काढली. त्याप्रमाणे दि. ९ एप्रिल रोजी श्री. बिसेन सायकलवर टेप घेऊन बाईंच्या दारात उतरले.

२. त्यांनी भिंती मोजल्या, आडे ठोकून पाहिले, लाकूड कोणत्या साली बसवले ते विचारले आणि चौकटीवर लाल खडूने १७ हा आकडा घातला. असा आकडा बाईंनी याआधी पाहिला होता. त्यांची धाकटी बहीण जनाबाई नदीकाठच्या गावी दिलेली आहे. तिथेही दोन वर्षांमागे असाच टेपवाला आला होता, असाच लाल आकडा पडला होता, आणि त्यामागून धरणासाठी घर सोडण्याची नोटीस आली. बाईंनी विचारले, "वाऱ्यासाठी घर कायले मोजता, बाबू? वारा का माप पाहून येते?" श्री. बिसेन हसून म्हणाले, "मावशी, मोजलं म्हणजे सूट भेटते." सूट हा शब्द ऐकून बाई अधिकच धास्तावल्या. जनाबाईचे घर सुटणार, असेच तर सारे बोलत होते. तपासणीस वळणावर दिसेनासे होताच बाईंनी आकडा ओल्या फडक्याने पुसून टाकला.

३. दि. २२ एप्रिलला श्री. बिसेन पुन्हा आले. छप्पर भिंतीला बांधलेले नाही, मोठ्या वाऱ्यात उचलले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. सोबत गावचे सुतार मंगरू यांना आणले होते. बाई नको नको म्हणत असताना दोघांनी लोखंडाच्या सहा पट्ट्या आड्यांना जखडल्या. श्री. बिसेन स्वतः आड्याला लोंबकळले व पाय वर घेऊन दोन झोके घेतले. "आता हत्ती लटकला तरी हालत नाही," असे ते म्हणाले. बाईंकडून त्यांनी एक पेला पाणी घेतले. चहासुद्धा घेतला नाही. ही गोष्ट बाईंना तेव्हा संशयाची वाटली. सरकारी माणूस चहा घेत नाही म्हणजे त्याला याहून मोठे काही न्यायचे आहे, असे त्यांच्या मनाने घेतले.

४. त्या पट्ट्यांवर नंबर ठोकलेले होते. किराणा दुकानदार बाबुलाल यांनी ते पाहून सांगितले, "नंबर पडला म्हणजे माल जमा झाला. उद्या हे घर तुमचं नाही राहात, बाई." बाबुलाल यांना यातले काही ठाऊक नव्हते, हे आता उघड आहे. परंतु त्या दिवशी बाईंना घास गेला नाही. दि. २४ रोजी भर दुपारी, गल्लीत कोणी नसताना, त्यांनी शिडी लावली आणि पक्कड व सब्बल घेऊन सहाही पट्ट्या उपटल्या. त्या धानाच्या ढोलीत तळाशी पुरल्या. हात सोलले गेले, ते शेजारणीला कळू नये म्हणून आठ दिवस पदराखाली ठेवले.

५. दि. २७ मे रोजी दुपारी वादळ आले. छप्पर सुपासारखे उचलले गेले. चार टिना तळ्यात पडल्या व एक शेजारच्या सत्यभामाबाईंच्या गोठ्यावर जाऊन आदळली. सुदैवाने जनावरे चरायला गेलेली होती. दि. २ जून रोजी आपले दुसरे अधिकारी आले. त्यांनी विचारले, "अहवालात पट्ट्या आहेत, त्या कुठं गेल्या?" बाई घाबरल्या. खरे सांगावे तर आपल्यालाच बेडी पडेल असे वाटले, आणि तोंडातून निघून गेले, "कोनतीच पट्टी नव्हती, साहेब." अधिकाऱ्यांनी ते तिथल्या तिथे लिहून घेतले. मंगरू सुतार सांगू लागले, पण हा तपासणिसाचाच माणूस म्हणून त्यांना गप्प बसवले.

६. याप्रमाणे श्री. बिसेन यांनी न बघता, किंवा काही घेऊन, खोटा अहवाल लिहिला असा ठपका बसला व त्यांना कामावरून दूर केले. दि. १९ जून रोजी ते कोंढ्याला आले. बाईंना वाटले, भांडायला आले. ते भांडले नाहीत. उघड्या घरात उभे राहून त्यांनी आड्यातली खिळ्यांची भोके बोटाने चाचपली आणि एवढेच विचारले, "मावशी, मी लावल्या होत्या ना?" बाईंची नजर धानाच्या ढोलीकडे गेली. ते सायकल हातात धरून पायीच गेले. रस्ता चढाचा नसतानाही सायकलवर बसले नाहीत. बाई हे दारातून बघत होत्या.

७. दुसऱ्या दिवशी बाईंनी जनाबाईची धरणाची नोटीस मागवून घेतली आणि आपले विम्याचे कागद तिच्याशेजारी ठेवून शाळेच्या गुरुजींकडून दोन्ही वाचून घेतले. दोन्ही कागदांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे गुरुजींनी सांगितले. बाईंनी तीनदा विचारले. तीनदा तेच उत्तर आले.

८. आपल्या पत्रासोबत छापील जबाब आला आहे. "माझ्या घरास कधीही पट्ट्या लावल्या नव्हत्या" यावर अंगठा दिल्यास दावा मंजूर होईल, असे त्यात म्हटले आहे. श्रावणचेही पत्र आले की अंगठा देऊन टाक, पावसाळा तोंडावर आहे. बाई सध्या ताडपत्रीखाली राहतात. तरीही त्या जबाबावर त्या अंगठा देत नाहीत. त्यांचे शब्द असे : "पट्ट्या होत्या. मी काढल्या. त्या बाबूनं काईच खाल्लं नाही माह्या घरचं. आधी त्याले कामावर घ्या, मंग माह्या छपराचं काय करायचं ते करा."

सबब विनंती की दि. २ जून रोजीचा बाईंचा तोंडी जबाब रद्द समजावा, श्री. बिसेन यांच्यावरील ठपका काढावा व दि. ३० जूनच्या चौकशीत बाईंचा जबाब समक्ष घ्यावा. त्या सकाळच्या पहिल्या बसने येतील.

सोबत : लोखंडी पट्ट्या नग सहा, कोरा ठेवलेला छापील जबाब एक.

आपल्या निर्णयास बांधील,
श्रीमती शकुनबाई तेजराम गजभिये
(डाव्या हाताचा अंगठा)

पवनी, दि. २३ जून १९८६

लेखनिकाचा शेरा : अर्ज बाईंना वाचून दाखवला. चौथा परिच्छेद व पट्ट्या उपटल्याचे इतर उल्लेख गाळल्यास दावा वाचू शकेल, हे मी दोनदा समजावले. बाईंनी नकारार्थी मान हलवली, पण मी तो गाळला नाही यावर त्यांचा विश्वास बसला नाही. कागद घेऊन त्या डाकघरात गेल्या, खिडकीवरील बाबूंकडून चौथा परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला, तो खरोखरच लिहिलेला आहे याची खात्री केली, आणि मगच परत येऊन अंगठा उमटवला.
— लक्ष्मणराव, अर्जलेखक, पवनी