स्पीकरमधल्या घरघरीचा निकाल

मी, एकनाथ देवू पागधरे, वय एकाहत्तर, कारखान्यातून निवृत्त, राहणार नवापूर, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कानांचाही आहे, कारण मुलगा दर्पण त्यावरच बोट ठेवील.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि होडीतला माझा हिस्सा दर्पण व सून रिद्धी या दोघांच्या नावे. दोघांच्या सहीशिवाय काहीही विकता येणार नाही. दर्पणला मी लहानपणापासून ओळखतो.

कलम २. हत्यारांची पेटी भाऊ चिंधू यास. पक्कड कित्येक वर्षे त्याच्याकडेच आहे. ती वाटणीत धरावी.

कलम ३. अ‍ॅम्प्लिफायर व दोन स्पीकर. याबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे. बोईसरचा दुकानदार चिराग याने मला जाड वायर, सोनेरी पिना, स्पीकरखाली ठेवायचे पितळी पाय असे एकेक विकले. नवीन वस्तू लावली की गाण्यामागची घरघर जायची, तानपुरा सुटा ऐकू यायचा. दोन दिवसांत घरघर परत, आणि मी परत चिरागच्या दारात. पत्नी गोदूबाई एवढेच म्हणायची, "आता बरा वाजतो ना? मग जेवा." त्या दिवशी ती घरातली सगळी मासळी एकदम रांधायची आणि शेजारी वाटायची. माझ्या उधळपट्टीचे गाऱ्हाणे गावभर सांगायला ती हे निमित्त काढते, असा माझा संशय होता.

गोदू गेली आणि नवीन वस्तूंचा गुण येईनासा झाला. चिराग नकली माल देत असावा. नाहीतर दर्पणने अस्सल वायर विकून साधी लावली असावी. मी वायरीला होडीचा निळा रंग लावून खूण केली. खूण जागेवर राहिली, घरघरही.

मागच्या रविवारी नव्या पिना लावल्या. एरवी कंपनीत असणारी रिद्धी त्या दिवशी घरी होती. आवाज लख्ख आला. मागोमाग बोंबील, मांदेली, पापलेट, सगळ्याचा एकदम वास. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजचा प्लग काढलेला होता.

"हे काय चाललंय?"

"आयनं सांगून ठेवलंय, बाबा. तुमी नवीन काय आनलं का फ्रिज बंद करायचा. नायतर तुमाला जेवन जात नाय."

म्हणजे इतकी वर्षे मला फसवले ते गोदूने. घरघर फ्रिजची आहे हे तिला कळले होते. माझी हौस मोडू नये म्हणून ती बोलली नाही, आणि मासळी नासू नये म्हणून रांधत बसली. मी त्या जेवणावरही संशय घेतला. मला तिची फार आठवण येते.

सबब अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर रिद्धीस. पिना आणि पितळी पाय चिरागच्या दुकानात नेऊन ठेवावेत. त्याच्याबद्दलचे माझे मत कायम आहे.

कलम ४. माझ्या तेराव्यानंतर एकदा गाणे लावावे. आधी फ्रिजातली मासळी रांधून शेजाऱ्यांना वाढावी, मग प्लग काढावा. आवाज स्वच्छ आला तर वायरीचे कौतुक कोणी करू नये. गोदूबाईचे नाव घ्यावे.

साक्षीदार मुद्दाम एकमेकांशी न बोलणारे निवडले आहेत. दोघांनी माझ्यासमोर, वेगवेगळ्या पेनांनी सह्या केल्या.

१. धीरज तामोरे, नवापूर (सही)
२. मेहुल राऊत, बोईसर (सही)

लिहून ठेवणार: एकनाथ देवू पागधरे (सही)
नवापूर, १६ जानेवारी २०२५